वीस गड्ड्या

१

रोज सकाळी साडेनवाला तो इस्त्रीचा शर्ट घालून, जेवणाचा डबा घेऊन घराबाहेर पडायचा. खालच्या मजल्यावरचे पेन्शनर आजोबा त्याला बघून घड्याळ लावायचे. त्यांची समजूत अशी की पोरगा बँकेत जातो. जात होताही, दोन वर्षांपूर्वीपर्यंत. कॅशियर होता. आता तो टायरच्या दुकानावरच्या क्लबात जाऊन दहाच्या ठोक्याला पोकर खेळायला बसायचा. पण आजोबांचं घड्याळ तरीही बिनचूक चालत होतं, तेव्हा त्यांना खरं सांगून उगाच कोणाची वेळ कशाला चुकवावी?

क्लबात त्याला पावती म्हणत. चहाचीसुद्धा पावती मागणारा माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? बाकीचे खेळाडू म्हणजे एकेक नग होते. एक बुलडोझर, हा बांधकामाचा ठेकेदार. हातात पत्ते काहीही असोत, पैशांऐवजी लावायच्या सगळ्या चिप्स पुढे ढकलायचा. दुसरे डॉक्टर, ते गुरांचे. माणसांशी बोलतानाही दात बघून वय ओळखायचे. ही मंडळी मजेखातर हरायची. पावती पोटासाठी जिंकायचा.

त्याचं गुपित पत्त्यांत नव्हतंच, ते होतं कपाटात. कपाटात पत्र्याचे दोन डबे. लाल डबा घराचा, निळा खेळाचा. निळ्यात नोटांच्या रबर लावलेल्या वीस गड्ड्या. रोज एकच गड्डी उचलायची. ती हरली तर उठायचं, दुसरीला हात लावायचा नाही. शनिवारी मोजदाद करायची. विसाच्या वर जे असेल ते लाल डब्यात, तोच त्याचा पगार. गड्ड्या दहावर आल्या तर लहान, कमी पैशांच्या टेबलावर बसायचं. एका वेळी विसावा भागच पणाला लावणाऱ्याचं दिवाळं वाजत नाही, असं त्याचं गणित होतं, आणि दोन वर्षं ते गणित खोटं ठरलं नव्हतं.

बायकोची अट एकच. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. दिवसभर लोकांच्या नसा शोधून तिचा आवाज शांत आणि नजर धारदार झालेली. ती म्हणाली होती, "निळा डबा रिकामा झाला, की खेळ बंद. मग मुकाट्यानं माझ्या भावाच्या रंगाच्या दुकानात बसायचं."

"बसेन," पावती म्हणाला होता.

२

घोटाळा झाला तो एका मंगळवारी. सोमवारी एक गड्डी हरला होता, म्हणजे निळ्या डब्यात एकोणीस हव्यात. होत्या वीस.

आता तुमच्या-माझ्या डब्यात एक गड्डी जास्त निघाली तर आपण डब्याचा मुका घेऊ. पावती घामाघूम झाला. कॅशियरला कमी भरलेला गल्ला परवडतो, कमी म्हणजे कोणीतरी चोर आहे, त्याला धरता येतं. जास्तीचं काय करायचं?

त्यानं गड्ड्या ओळीनं मांडल्या. विसावी लगेच कळली. रबर त्याच्यासारखंच, पण नोटा पाण्यातून काढून वाळवल्यासारख्या कडक, आणि सगळ्या पालथ्या लावलेल्या.

बायकोला विचारलं, "तू ठेवलेस का गं पैसे?"

"तुझ्या डब्यात? मी?" ती भिंगरीचे केस विंचरत होती. भिंगरी म्हणजे त्यांची लेक, वय पाच, एका जागी अर्धा मिनिट टिकली तर ताप आलाय समजायचं. "माझे जास्त झाले तर मी चपला घेईन, पत्ते नाही."

मोजताना चूक झाली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. बँकेतल्या अठरा वर्षांत पैसे मोजताना त्याची चूक झाली नव्हती, ही गोष्ट त्यानं स्वतःला मुद्दाम सांगितली नाही.

३

त्या आठवड्यात पत्त्यांनी पाठ फिरवली. बुधवारी हरला, गुरुवारी हरला, शुक्रवारी तर बुलडोझरनं न बघता लावलेल्या पत्त्यांनी त्याला झोपवलं. तीन गड्ड्या गेल्या. शनिवारी डबा उघडला तर वीस.

मग त्यानं कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात बांधली. दुसऱ्या आठवड्यातला सोमवारही हरला. मंगळवारी सकाळी कपाटासमोर खुर्ची टाकून बसला. बायको कामावर, भिंगरी शाळेत, घरात फक्त फ्रिजची घरघर. नऊ वाजले आणि बंद कपाटात, बंद डब्यात, काहीतरी पडलं. टप्. पिकलेलं फळ मऊ मातीत पडावं तसं. उघडून पाहिलं, तर विसावी गड्डी. अजून गारच.

शहाणा माणूस काय करेल? पोलीस, डॉक्टर, निदान शेजारी. पावतीनं वही काढली. बँकेत जास्तीची रक्कम निघाली की ती कोणाच्या ना कोणाच्या खाती टाकल्याशिवाय घरी जाता येत नसे. ही खोड हाडात मुरलेली. रक्कम आहे, म्हणजे धनी आहे. पोकरमध्ये तर तशी रीतच असते, एखाद्या खेळाडूवर बाहेरचा माणूस पैसे लावतो आणि जिंकलेल्यात वाटा घेतो. पावतीनं वहीत नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'पैसे लावणारा'. नावाच्या जागी एक रेघ मारली. खाली पाचही गड्ड्या तारखांसह मांडल्या आणि सवयीनं सही ठोकली.

हिशेब जुळला. किती हलकं वाटलं त्याला! वेड्यासारखं शीळ वाजवत क्लबात गेला.

४

क्लबाच्या गल्ल्यावर मावशी बसायची. सगळ्यांची मावशी, आणि कोणाचीच नाही. पैसे घेऊन चिप्स द्यायची आणि वर एक टोमणा फुकट.

"मावशी," पावतीनं हळूच विचारलं, "एखाद्यावर कोणी पैसे लावले, तर त्याचे नियम काय गं?"

"तुझ्यावर? तुझ्यावर पैसे लावायला कोण जन्माला आलाय?" ती हसली. मग त्याचा चेहरा बघून थांबली. "हे बघ. जिंकलास तर वाटा दे. हरलास तर तो परत पैसे भरील. पण एकदा त्याच्या पैशावर बसलास, की त्याची भरपाई होईपर्यंत उठायचं नाही. एक दिवस चुकवायचा तरी त्याला विचारून."

"आणि न विचारता चुकवला तर?"

"तर तो वसूल करतो. मिळेल त्यातून. कोण आहे रे?"

"माहीत नाही."

"मग घेतलेस कशाला?"

"घेतले नाहीत गं. नुसते लिहिले."

मावशीनं चिप्सची चळत त्याच्याकडे सरकवली. ती या वेळी हसली नाही. "तुझ्यासारख्यानं लिहिले म्हणजे घेतलेच की," ती म्हणाली.

५

रविवारी पावतीची सुट्टी. दोन वर्षांत तो रविवारी कधी खेळला नव्हता. तिघंजण बागेत गेली, झोपाळे झाले, आइस्क्रीम झालं, संध्याकाळी घरी परतली. घर दुसऱ्या मजल्यावर. भिंगरी नेहमीसारखी वरच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत पुढे पळाली. "सतरा, अठरा, एकोणीस!" आणि दाराशी उड्या मारायला लागली.

"एक गाळलीस," पावती म्हणाला.

"नाही गाळली!"

तो खाली उतरला, मोजत वर आला. एकोणीस. पुन्हा उतरला. एकोणीस. बायको दारात पिशव्या धरून उभी. "व्यायाम झाला असेल तर किल्ली दे."

"या वीस होत्या."

"एकोणीसच आहेत की. पहिल्यापासून."

पावतीकडे अर्थातच पावती होती. राहायला आले तेव्हा हमालांनी वरच्या जिन्याचे पायरीमागे पैसे घेतले होते. त्यानं कपाटातून कागद शोधून आणला. पायऱ्या वीस, सहीनिशी.

बायकोनं कागद वाचला आणि खो खो हसली. "म्हणजे त्यांनी तुला एका पायरीनं गंडवलं! आणि वर पावती दिली!"

तोही हसला. हसण्यासारखंच होतं. फक्त त्या दिवसापासून घरात शिरताना त्याचं पाऊल शेवटी एकदा हवेत पडायचं. पाय एकदा जे मोजतात, ते कोणी कितीही समजावलं तरी सोडत नाहीत.

६

पुढच्या गुरुवारी भिंगरीला ताप आला. बायकोला रजा नव्हती, पावती घरी राहिला. दहा वाजले तशी आतल्या खोलीतून चिप्सची चळत बोटांनी खेळवल्यासारखी किरकिर यायला लागली. करर्र, टक. करर्र, टक. तो आत गेला की थांबायची. बाहेर आला की सुरू. कोणीतरी वाट बघत बसलं की असंच करतं, तो स्वतःही करायचाच, हातात चिप्स असल्या की. साडेदहाला आवाज बंद पडला, तो पडलाच.

दुपारी भिंगरीचा ताप उतरला. तिला औषध पाजताना त्यानं म्हटलं, "आ कर." तिनं मगरीसारखा आ केला.

शाळेत महिन्यापूर्वी दात तपासले होते. कार्ड भिंतीवरच लावलेलं, दुधाचे दात वीस. पावतीनं टॉर्च आणला. वरचे दहा, खालचे नऊ.

संध्याकाळी बायको म्हणाली, "पडला असेल शाळेत. वय होत आलंय."

"पडला तर खिंड कुठाय?"

तिनंही टॉर्च मारून पाहिलं. खिंड नव्हती. नऊ दात एकमेकांना खेटून, सुबक, जणू दहावा कधी बोलावलाच नव्हता. बायकोनं टॉर्च विझवला. मग म्हणाली, "कार्ड भरणाऱ्यानं चूक केली असेल. एवढ्या पोरांचे दात बघायचे, त्याचं डोकं तरी कुठवर चालणार?" तिला ते पटलं. पटायला वेळ लागला नाही, याचीच पावतीला भीती वाटली.

त्यानं वहीतलं ते पान फाडलं. जाळलं. राख पाण्यात सोडली. सकाळी डबा उघडला. गड्ड्या वीस.

मग त्याला एक खूळ लागलं. घरात विसाच्या संख्येत काय काय आहे, ते तो मोजत सुटला. चमचे चौदा. पुस्तकं एकतीस. खिडकीचे गज सोळा. कुठेच वीस सापडेना तसा जीव थोडा खाली बसला. शनिवारी भिंगरीला आंघोळ घालून त्यानं मांडीवर घेतलं, टॉवेलानं हाताची बोटं पुसली, मग पायाची पुसायला लागला, आणि मध्येच थांबला.

"बाबा, गुदगुल्या," भिंगरी म्हणाली.

७

तेव्हापासून पावतीनं एकही दिवस चुकवला नाही. रविवार नाही, सण नाही, आजारपण नाही. सासरे वारले तेव्हा खांदा देऊन थेट क्लबात गेला. बायकोचे नातेवाईक त्यावर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण मजेशीर होतं.

हरला तर सकाळी डब्यात टप् व्हायचं. जिंकला तर तो सगळं पालथ्या नोटांशेजारी भरपाई म्हणून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी जिंकलेलं नाहीसं झालेलं असायचं आणि गड्ड्या वीसच. किती फेडलं, किती उरलं, कोणाला विचारणार? अठरा वर्षं दुसऱ्यांचे हिशेब ठेवलेला माणूस, आणि त्याचं स्वतःचं खातं दुसरं कोणीतरी ठेवत होतं.

लाल डब्यात काही पडेना. पावती वाळत चालला. बायकोला सांगावं असं रोज वाटे. पण काय सांगणार? जिना आखूड झालाय? ती रक्ताची नळी घेऊनच समोर उभी राहिली असती.

एकदा तीच म्हणाली, "तुला आता खेळायला आवडत नाही ना?"

"नाही."

"मग सोड."

"डबा रिकामा झाला की. ठरलंय ना आपलं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. नस शोधताना बघते तशी. "बरं," ती म्हणाली. एवढंच.

८

सोमवारी साडेनवाला त्यानं कपाट उघडलं. निळा डबा रिकामा होता. नुसता पत्रा.

बायको दारात उभी होती. सासरे गेल्यापासून पहिल्यांदा ती अशी मनापासून हसत होती. "झाला रिकामा. काल तू झोपलास तेव्हा तुझ्या गळ्यातली किल्ली काढली. सगळे दादाच्या दुकानात घातले, तुझ्या नावानं. निम्मं दुकान तुझं आता. आज सुट्टी घेतलीय मी, आपण तिघं मिळून जाऊ." तिनं त्याचा हात धरला. "सुटलास."

इतकं प्रेमानं कोणी केलेलं बघून ओरडता येत नाही. तो ओरडला नाही.

"दादाला फोन लाव. परत माग."

"तो पैसे घेऊन माल आणायला पहाटेच गेला. अरे, काय झालं?"

भिंगरी जमिनीवर कागद पसरून बोटांनी आकाश रंगवत होती. कोपरापर्यंत निळी. पावती तिच्यासमोर बसला, हातांची बोटं मोजली, पायांची मोजली. वीस. ती खिदळत होती. त्यानं पुन्हा मोजली. वीस. घड्याळात पावणेदहा.

तो धावला. रिक्षा मिळेना तसा नुसताच धावला. खालचे आजोबा घड्याळ हलवून कानाला लावून बघत राहिले. टायरच्या दुकानाशी पोचला तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"मावशी, उधार दे. एक गड्डी. संध्याकाळी दुप्पट देतो."

मावशीनं मान वर केली. "तुला कशाला उधार? तुझ्या जागेवर चिप्स ठेवल्यात की. दहाला बरोब्बर."

"कोणी ठेवल्या?"

"मला वाटलं तूच पाठवलंस." तिनं टेबलाकडे पाहिलं आणि पटकन नजर गल्ल्यात घातली. "बस जाऊन. आज उशीर केलास."

त्याच्या खुर्चीसमोर चिप्सच्या चळती उभ्या होत्या, काटकोनात, तो स्वतः लावतो त्याहूनही नीट. खुर्ची थोडी मागे ओढलेली. तो बसला. बुलडोझर आणि डॉक्टर कशावरून तरी भांडत होते. पावतीनं फोन लावला.

"तिची बोटं मोज," तो म्हणाला.

"आधी तू सांग, तू असा पळालास का?"

"मोज गं. पाया पडतो."

पलीकडे भिंगरी कसलंसं गाणं म्हणत होती, मजेत. बायकोचा आवाज आला, थकलेला, दुखावलेला. "एकोणीस. हे काय लावलंयस? पोरीच्या देखत?"

"मघाशी मी मोजली. वीस होती."

पलीकडचं गाणं पुसट झालं, ती बाजूच्या खोलीत गेली असावी. मग हळू आवाजात म्हणाली, "जन्मली त्या दिवशी मी हॉस्पिटलात रडत होते. तेव्हा तूच म्हणालास ना, एकोणीसही पुष्कळ झाली? तूच समजावलंस मला. आणि आज तूच?" तिनं फोन ठेवला.

पावतीला ते आठवलं. हॉस्पिटलची खोली, हिरवा पडदा, तिचा ओला चेहरा, आणि आपण म्हणालेलं वाक्य. मघाशी आठवत नव्हतं. आता अगदी स्पष्ट, कालच घडल्यासारखं आठवत होतं, आणि थोड्या वेळानं फक्त तेवढंच आठवेल हे त्याला कळत होतं.

पत्ते वाटले गेले. दोन पत्ते सरकत त्याच्यापुढे येऊन थांबले.

तेवढ्यात त्याच्या उजव्या खांद्यामागून एक हात पुढे आला. घाईत नव्हता. फोन ठेवताना त्याच्या कोपराचा धक्का लागून एक चळत किंचित सरकली होती, ती त्या हातानं पुन्हा सरळ केली. बोटं लांब, सुरकुतलेली, नखं पिवळी. करंगळी मात्र इवलीशी होती, गुबगुबीत, आणि नखापर्यंत निळ्या रंगानं माखलेली. चळतीच्या वरच्या चिपेवर निळा ठसा उमटला. हात आला तसा मागे गेला. पावतीच्या मानेवर कोणाचा तरी श्वास पडत होता, गार.

समोर बुलडोझर होता. त्याला काही दिसलं नव्हतं. तो जांभई देऊन म्हणाला, "काय रे पावती, खेळतोस की उठतोस?"

"खेळतो," पावती म्हणाला. मागे न वळता त्यानं पत्ते उचलले. "खेळतोय ना. उठतोय कुठे?"